उसाचं बिल आणि बाराशे कॅलरी

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

चि. गौरीस,


तुझा फोन येऊन चार दिवस झाले. तेव्हा मी 'बघू, सांगतो' एवढ्यावर सोडलं, कारण उत्तर लांब होतं आणि शेजारी तुझी आजी कान टवकारून बसली होती. तुझा प्रश्न मात्र वहीत जसाच्या तसा टिपून ठेवलाय. "आबा, सकाळी दोन तास ग्राउंड करते, दिवसाला बाराशे कॅलरी खाते. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलं, आता तीन आठवडे काटा हलत नाही. हजारावर येऊ का?"

नको. उत्तराचा पहिला शब्द हा, बाकी सगळं त्याच्या मागून.

तुझं वजन उतरवणं आरशासाठी नाही, पोलीस भरतीसाठी आहे, हे मी जाणतो. ग्राउंडचे पन्नास गुण, त्यातले वीस एकट्या ८०० मीटरचे. धावताना अंगावरचा फालतू किलो म्हणजे पाठीवर बांधलेली पिशवी, तेव्हा ६६ वरून ६० वर यायचा तुझा बेत मला मान्य आहे. पण उरलेले तीस गुण १०० मीटरचे आणि गोळाफेकीचे आहेत, आणि गोळा काही हलक्या हाताने लांब जात नाही. तिथं ताकद लागते. म्हणजे तुला वजन उतरवायचं नाहीये, चरबी उतरवायची आहे. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण माझ्या आयुष्यातली एक कुस्ती त्यांच्यातल्या फरकामुळं गेली.

आमच्या तालमीत व्यायाम आणि आहार हे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते. मेहनत आणि खुराक, आणि तेही एका दमात. पहाटे चारला उठून जोर, बैठका, मग हौद्यात लढती. घरून ऐपत असलेल्या पोरांची दुपारी थंडाई घोटली जायची, संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेऊन फेसाचा पेला तोंडाला. आमच्या घरी बदाम दिवाळीलाच दिसायचे, त्यामुळं माझा खुराक शेंगदाणे, गूळ आणि ज्वारीची भाकरी. वस्तादांना कुणी विचारलं, किती खाऊ, तर ते म्हणायचे, "मेहनत किती केलास ते सांग आधी. मग ताटाकडं बघ." आणि कुस्ती सोडून पोट सुटलेले जुने पैलवान दिसले की म्हणायचे, "लंगोट खुंटीला गेला की बदामपण खुंटीला." शाळा चार बुकं शिकलेला माणूस. पुढं मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो, तीस वर्षं पोरं पळवली, पुस्तकं वाचली, पण या दोन वाक्यांच्या बाहेरचं फारसं काही सापडलं नाही. फक्त आकडे सापडले.

तर ती कुस्ती. मी एकोणीस वर्षांचा, वजन ६१. एका निवड स्पर्धेत ५७ किलोच्या गटात जागा सोपी आहे असं कुणीतरी सांगितलं. वस्तादांना न विचारता मी आणि माझ्या एका मित्राने ठरवलं की पाच दिवसांत चार किलो उतरवायचं. दोन स्वेटर घालून पंचगंगेच्या काठानं पळालो. जेवण बंद, शेवटचे दोन दिवस पाणी घोटभर, आणि काट्यावर चढायच्या आदल्या रात्री तोंडात चिंच धरून थुंकत बसलो होतो. सकाळी काटा ५७ वर आला. आम्ही एकमेकांना टाळी दिली. दुपारी समोर जो पोरगा आला त्याला मी आधी दोनदा चीत केलं होतं. पहिलं मिनिट मी उभा होतो. दुसऱ्यात त्याने पट काढला आणि मला माझे पायच सापडेनात. आकाश बघतच पडलो होतो. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला. ते न बोलणं अजून टोचतं.

त्या चार किलोंत चरबी असलीच तर मूठभर असेल. बाकी पाणी, आणि स्नायूंत साठवलेली साखर. ही साखर एक ग्रॅम साठवायला शरीर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी सोबत बांधून ठेवतं. खाणं एकदम तोडलं की साखर संपते, पाणी सुटतं, आणि काटा झरझर खाली येतो. तुझ्या पहिल्या महिन्यातल्या तीन किलोंतही अशा पाण्याचा वाटा होता, आणि तो बऱ्यापैकी पहिल्या आठ-दहा दिवसांतच निघून गेला असणार. त्या वेगाची तुला सवय लागली, आणि आता खरा वेग दिसू लागल्यावर तू घाबरलीस.

पॅरिस ऑलिंपिकची ती रात्र तुझ्याही लक्षात असेल. २०२४ चा ऑगस्ट. विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या, रात्रभर घाम गाळला, केसही कापले, आणि सकाळी ५० किलोच्या काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली. अंतिम कुस्ती गेली, पदकही गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने दहा तासांत साडेचार किलोंच्या वर उतरवून ५७ किलोत कांस्य जिंकलं. (५७ हा आकडा आपल्या मातीचा आहे बरं. १९५२ ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबांनी याच वजनात कांस्य आणलं होतं, आणि ते आमच्या राजाराम कॉलेजचे.) पण अमनच्या पाठीशी डॉक्टर होते, प्रशिक्षक होते, आणि त्याला ते वजन एका सकाळपुरतं हवं होतं. १९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेजचे पैलवान असंच पाणी तोडून, रबरी कपडे घालून वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. तुझ्या भरतीत काटा नाही, घड्याळ आणि टेप आहे. तुला यातलं काहीही करायचं कारण नाही. घामाचा सूट कुणी देऊ केला तर परत दे.

आता बाराशेचं.

आपल्या उसाचं बिल कसं येतं ते तू लहानपणापासून बघतेस. कारखाना पैसे बँकेत टाकतो, आणि ते आपल्या हातात यायच्या आधी सेवा सोसायटी पीककर्ज वळतं करून घेते. बिल किती झालं याला घरात किंमत नाही. कापून हातात किती आलं त्यावर किराणा, औषधं, तुझी फी. शरीराचंही तसंच आहे. तू जे खातेस त्यातून मेहनत आपलं देणं आधी उचलते, तिला थांबवता येत नाही, कारण तू पळालेली असतेस. उरेल त्यात हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, रक्त, केस, पाळी, ताप आला तर त्याच्याशी लढणं, हा सगळा संसार चालवायचा असतो.

तुझं देणं किती? तुझं घड्याळ ९०० दाखवतं म्हणालीस. त्याच्यावर जाऊ नकोस. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी सात यंत्रं तपासली होती. नाडी त्यांना बरी मोजता येत होती, पण कॅलरीत सगळ्यांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकत होतं. ढोबळ नियम बरा: एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी. पाच किलोमीटर म्हणजे तुझे सव्वातीनशे. वर स्प्रिंट, बैठका, गोळा, ढिलं होणं धरून ५५० म्हणू. दोन तासांतला बराच वेळ रांगेत उभं राहण्यात जातो, हे मला ठाऊक आहे, मी तीस वर्षं त्या रांगा लावल्यात.

बाराशेतून साडेपाचशे गेले. उरले साडेसहाशे. तुझ्या अंगातली चरबी वगळली तर हाडं, स्नायू, अवयव मिळून ४५ किलोच्या आसपास असतील. त्यांच्या वाट्याला किलोमागे साडेचौदा कॅलरी आल्या. ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये निरोगी तरुण मुलींवर नेमका हा प्रयोग केला. मेहनत वजा करून उरलेलं अन्न किलोमागे ४५, ३०, २० आणि १० कॅलरी असं ठेवून बघितलं. तीसच्या खाली गेल्यावर पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत झाले, आणि त्याला पाचच दिवस लागले. तुझ्या हिशेबाने तू दोन महिने साडेचौदावर आहेस.

इथं तुझ्या आजीने पेन हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला. 'हे तुम्ही लिहू नका, मी लिहिते' म्हणाली. मग म्हणाली, 'नाही, तुम्हीच लिहा, तुमचं ती ऐकेल.' तर बाळ, सरळ विचारतो. पाळी वेळेवर येते का? माझ्याकडं एक मुलगी होती, जिल्ह्यात तिच्यापुढं कुणी नव्हतं. तिची पाळी वर्षभर बंद होती आणि ती त्यावर खूश होती, कटकट गेली म्हणून. मला कुणी सांगितलं नाही आणि मी पुरुष, विचारलं नाही. मग एक दिवस सरावात नडगी धरून बसली. हाडाला चीर. उसाला पाणी कमी पडलं तर आधी पानं सुकतात, तसं शरीर आधी ते खातं बंद करतं ज्यावाचून आज मरण येणार नाही. आणि पाळीबरोबर हाडांची राखणही थांबते. त्या मुलीचा तो मोसम गेला, आणि तो मी घालवला असंच मी अजून धरून चालतो. तुझी पाळी लांबली असेल तर, आणि लागोपाठ तीन चुकल्या असतील तर नक्कीच, ग्राउंड बाजूला ठेवून आधी बाईडॉक्टरकडं जा, सोबत रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घे. आजीला फोन कर. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

अजून एक गोष्ट सांगतो, मग ताटाकडं येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकायला. ते तरुण स्वेच्छेने आले होते. आठवड्याला २२ मैल चालायचं, म्हणजे ३५ किलोमीटर. त्यांचं वजन चौथाईने घटलं. उन्हाळ्यात थंडी वाजायची, चिडचिड वाढली, नाडी मंदावली, पायांवर सूज आली, आणि हसू नकोस, ते लोक पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. तू रात्री अकरा वाजता मोबाइलवर बिर्याणीचे व्हिडिओ बघतेस असं तुझ्या आईकडून कळलं. तर त्या तरुणांना रोज किती मिळायचं? सुमारे १५७०. उपासमारीचा प्रयोग म्हणून जो आहार इतिहासात नोंदला गेला, त्याच्यापेक्षा तुझा ठरवलेला आकडा कमी आहे. ते पुरुष होते, अंगाने मोठे होते, हे खरं, तरीही.

मग किती खायचं? दोन वाटांनी जाऊन बघू. एक वाट आत्ताची: किलोमागे तीस हा उंबरठा धरला तर ४५ किलोंना १३५० झाले. त्यात मेहनतीचे ५५० परत घाल. १९००. दुसरी वाट, आहारतज्ज्ञ वापरतात ती: तू दिवसभर नुसती पडून राहिलीस तरी तुझ्या वयाला, उंचीला, वजनाला साधारण १४०० लागतात. क्लासला जाणं-येणं, जिने, धुणं, बसून अभ्यास याचे ५००. ग्राउंडचे ५५०. झाले २४५०. यातून रोज ५०० तोडले, तर १९५०. दोन्ही वाटा एकाच वेशीला लागल्या. तुझा आकडा १९०० ते १९५०. रविवारी ग्राउंड नसतं, त्या दिवशी दीड-दोनशे कमी चालतील. उपास नको.

एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज पाचशे कमी म्हणजे आठवड्याला साडेतीन हजार, म्हणजे पाऊण नव्हे, अर्ध्या किलोच्याही किंचित आत. शरीर हळूहळू काटकसर शिकतं, त्यामुळं पुढं पुढं त्याहूनही कमी. तुझ्याकडं चार महिने आहेत, साठावर पोचशील किंवा एकसष्टाला थांबशील. हा वेग तुला गोगलगायीचा वाटेल. नॉर्वेत २०११ मध्ये निवडक खेळाडूंचे दोन गट केले होते, एकाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवायचं, दुसऱ्याने १.४ टक्के, दोघांनीही ताकदीचा सराव करायचा. सावकाश उतरणाऱ्यांनी चरबी घालवता घालवता स्नायू वाढवला. घाईवाल्यांचा वाढला नाही. तुझ्या ६६ चे ०.७ टक्के किती होतात ते कर. साडेचारशे-पाचशे ग्रॅम. हिशेब पुन्हा तिथंच येतो.

आता तू म्हणशील, बाराशेवर काटा हलेना, मग एकोणीसशेवर कसा हलेल? प्रश्न बरोबर आहे आणि वकिली उत्तर देणार नाही. माझं मत असं, की तू बाराशे खात नाहीस. रागावू नकोस. १९९२ मध्ये अमेरिकेत असेच दहा लोक तपासले होते, जे म्हणायचे, आम्ही बाराशेच्या आत खातो आणि वजन हटत नाही. त्यांच्या शरीराचा खर्च नेहमीसारखाच निघाला. खाल्लेलं मात्र ते जवळजवळ निम्म्याने कमी सांगत होते आणि केलेला व्यायाम दीडपट. लबाड नव्हते ते. मोजता येत नाही माणसाला. आणि मेसमध्ये तर नाहीच नाही. तू 'वांग्याची भाजी, एक वाटी' लिहितेस, पण त्या वाटीवर आलेला कट कोण लिहिणार? मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि मेसवाला हात आखडता घेणाऱ्यातला नाही. शिवाय तुझ्या आजीला तू सांगितलंस की रविवारी 'सगळं सुटतं'. सहा दिवस बाराशे आणि सातव्या दिवशी मिसळ, आइस्क्रीम, रात्री पिझ्झा मिळून साडेतीन हजार झाले, तर सरासरी पंधराशेच्या वर गेली. सहा दिवस उपाशी राहिलेला माणूस सातव्या दिवशी असंच खाणार, त्यात तुझा दोष नाही. ती भूक बाराशेनेच पेरलेली आहे.

आणि दुसरं, दोन तास ग्राउंड करून आल्यावर तू दुपारभर आडवी असतेस. पूर्वी तू चार वेळा जिना उतरायचीस, आता मैत्रिणीला दूध आणायला सांगतेस. ही शरीराची काटकसर, तुला न विचारता चाललेली. तिसरं, पाणी. उपासमार, जागरण आणि दुखऱ्या मांड्या एकत्र आल्या की शरीर पाणी धरून ठेवतं. मिनेसोटाच्या त्या पोरांच्या पायांवर सूज होती ती हीच जात. खाली चरबी जात असते आणि काटा तिथंच.

म्हणून एकोणीसशे म्हणतो तेव्हा खरे मोजलेले एकोणीसशे, तेलासकट, रविवारसकट. पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर जाईल. रिकाम्या झालेल्या स्नायूंत साखर आणि तिच्यासोबत पाणी परत येईल. तेव्हा मला रडून फोन करू नकोस, मी आत्ताच सांगून ठेवतोय.

मोजायला एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घे. पंधरा दिवस मोज, मग डोळ्याला सवय होते. जन्मभर मोजत बसणं हाही एक आजारच. भाकरी थापताना पीठ ६०-७० ग्रॅम घेतात, म्हणजे भाकरी २०० ते २३० ची. चपाती लहान असेल तर शंभराच्या आसपास, वर तेल लावलं तर त्याचे वेगळे. मूठभर शेंगदाणे १७०. इथं माझ्यासारखी फसशील, कारण मूठ पुन्हा पुन्हा भरते. अंडं सत्तर-पंचाहत्तर. म्हशीचं दूध पेलाभर २०० च्या वर, गायीचं त्याच्या दोन तृतीयांश. चहात दोन चमचे साखर, दिवसाला चार कप, हे १६० झाले आणि पोट रिकामंच. कापायचंच असेल तर हे काप, कट काप, फरसाण काप. भाकरी कापू नकोस. ग्राउंडच्या आधी केळं आणि नंतर भाकरी किंवा भात, हे पळण्याचं इंधन आहे. भात सोडून स्प्रिंट मारणारी एकही मुलगी मी पाहिली नाही जी तिसऱ्या फेरीत टिकली.

सगळ्यांत कमी पडत असेल ते प्रथिन. वजन उतरवताना मेहनत करणाऱ्याने किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास तरी घ्यावं, म्हणजे तुला दिवसाला शंभर-एकशे पाच. कॅनडात २०१६ मध्ये चाळीस तरुणांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला देऊन चार आठवडे कडक मेहनत करून घेतली. ज्यांना किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिन दिलं त्यांची पावणेपाच किलो चरबी गेली आणि सव्वा किलो स्नायू उलट वाढला. ज्यांना १.२ दिलं त्यांची साडेतीन गेली, स्नायू आहे तेवढाच राहिला. हे चार आठवडे होते, देखरेखीखाली होते, मुलं होती, म्हणून ४० टक्क्यांचा मोह धरू नकोस. प्रथिनाचं तेवढं उचल. शंभर ग्रॅम ऐकून मेसमधल्या मुली हात टेकतात, पण चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६-१७, सुकी सोयावडी पन्नास ग्रॅम भिजवून भाजीत टाकली तर २५, आणि उरलेलं डाळ, हरभरे, भाकरी, शेंगदाणे यांतून निघतं. बुधवारी-रविवारी चिकन खाशील तेव्हा तर प्रश्नच नाही, फक्त रस्सा वरून न ओतता फोडी जास्त घे. हे कोल्हापूरच्या माणसानं लिहावं म्हणजे काळ आला. पावडरचा डबा विकत घ्यायचाच तर अकादमीतल्या कुणाच्या ओळखीचा, स्वस्तातला, सील नसलेला घेऊ नकोस. बाकी त्यात जादू काही नाही, दुधातलंच प्रथिन ते.

वजन रोज सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी घे आणि विसरून जा. आठवड्याची सरासरी तेवढी लिही, आणि मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताड, कारण पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी असंच चढतं. कमरेला टेप लाव. पण माझा खरा काटा वेगळा आहे: दर शनिवारची ८०० मीटरची वेळ. वजन उतरतंय आणि वेळही उतरतेय तर सगळं ठीक. वजन उतरतंय आणि वेळ चढतेय, झोप लागत नाहीये, केस गळतायत, सारखी सर्दी होतेय, तर रोजचे दोनशे वाढव, मला विचारत बसू नकोस. आणि ग्राउंडच्या तारखेआधी तीन आठवडे हे तोडणं पूर्ण बंद. तेव्हा चोवीसशे खायचे, साठ असो वा बासष्ट. भरल्या अंगाने मैदानात उतर. ५७ किलोचा मी आणि ६१ किलोचा मी, यांत त्या दिवशी कोण जिंकला असता हे मला माहीत आहे.

तू संध्याकाळचंही ग्राउंड सुरू करणार आहेस असं तुझी आई म्हणाली. एकोणीसशेवर येऊन तीन आठवडे होऊ देत, मग त्यावर बोलू. तोवर आठवड्यातून दोनदा बैठका आणि वजनं, एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि रात्री दहाला मोबाइल बंद, बिर्याणीसकट.

उद्या सकाळच्या एसटीने एक डबा पाठवतोय, स्वारगेटला उतरवून घे. आजीने शेंगदाणे-गुळाचे लाडू केलेत. तिने तीस केले होते, मी काट्यावर एकेक ठेवून बघितला: चाळीस ग्रॅम, म्हणजे एकाला दोनशे कॅलरी. ते ऐकून तिने माझ्याकडं असं बघितलं की पुढचे दहा न मोजता डब्यात गेले. दिवसाला एक खा, ग्राउंडवरून आल्यावर. वहीत लिहून. खोलीतल्या मुलींनाही दे, त्यांनाही बाराशेच सांगितलंय कुणीतरी.

तुझा,
आबा

ता. क. डब्याच्या तळाशी दोन लाडू मोठे निघतील. ते आजीने मी आंघोळीला गेल्यावर वळलेत. त्यांचं वजन मला माहीत नाही.